बलुते, बिदागी, उचल, मानधन : कलावंताचा मोबदला कोणी द्यावा?

१/२१
धारूरचा किल्ला कोणी बांधला, असे विचारले की किश्वरखान लारी हे नाव पुढे येते. आदिलशाहीच्या या सरदाराने १५६७ मध्ये बालाघाटाच्या कड्यावर, निजामशाहीच्या सरहद्दीलगत, हा किल्ला उभारला. पुढे तो निजामशाहीकडे गेला आणि १६३१ मध्ये मोगलांच्या हाती पडला. धनी बदलत गेले आणि प्रत्येक धन्याचे नाव इतिहासात नोंदले गेले. ज्यांनी छिन्नी चालवली, त्यांचे नाव कोणी विचारीत नाही. खर्च करणाऱ्याचे नाव कामाला लागते, ही आपली फार जुनी रीत आहे. आजचा धागा या रीतीविषयी आहे : कलावंताला आजवर पैसे कोणी दिले, कोणत्या नावाने दिले आणि त्या नावाआड काय दडले होते.

२/२१
मराठीत शेतमजुराला मजुरी मिळते, कारकुनाला पगार मिळतो. कलावंताच्या मोबदल्याला मात्र नाना शब्द आहेत : बलुते, इनाम, बिदागी, दक्षिणा, दौलतजादा, सुपारी, उचल, नाईट, मानधन. प्रत्येक शब्द एकेका व्यवस्थेचा साक्षीदार आहे. त्या प्रत्येकाला आपण दोनच प्रश्न विचारू. रक्कम कोण ठरवतो? आणि वाईट वर्ष आले, तर तोटा कोणाच्या अंगावर पडतो? कलेला आश्रय कोणी दिला, हे इतिहासात ठळक लिहिलेले असते. कलावंताचे जगणे मात्र या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरत आले आहे.

३/२१
पहिला शब्द बलुते. जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गावगाड्यातील बलुतेदार आणि अलुतेदार यांची यादी आहे. अलुतेदारांत सोनार, शिंपी, माळी, तेली यांच्या रांगेत घडशी आणि गोंधळीही आहेत. घडशी म्हणजे वाजंत्री वाजवणारा. गोंधळी म्हणजे संबळाच्या तालावर देवीचा गोंधळ घालणारा. देवळातला गुरव तर बलुतेदारांतच गणलेला आहे. गावाच्या हिशेबात वाजवणारा आणि गाणारा हे शिवणाऱ्या किंवा तेल गाळणाऱ्यासारखेच कामकरी होते, आणि त्यांच्या कामाला पिकातला वाटा नेमलेला होता.

४/२१
हा वाटा सुगीत खळ्यावर मिळे. त्याचे प्रमाण वहिवाटीने ठरलेले असे. दर वेळी घासाघीस करावी लागत नसे. पीक चांगले आले तर वाटा वाढे, दुष्काळ पडला तर पाटलाच्या कणगीसह वाजंत्र्याची कणगीही रिकामी राही. तोटा साऱ्या गावाचा असे आणि म्हणूनच तो एकट्या कलावंताच्या नावावर कर्ज म्हणून चढत नसे. पाऊस दगा देणाऱ्या बालाघाटासारख्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हती. बलुत्याला ‘हक्क’ म्हणत, तो शब्द या अर्थाने खरा होता.

५/२१
तरीही बलुत्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हा हक्क जन्माने मिळे आणि जन्मभर बांधून ठेवी. वाजवायचे नाही, दुसरे काही करायचे, असे म्हणण्याची मुभा नव्हती. लग्नाच्या वरातीत ज्याच्या हलगीवाचून पाऊल पुढे पडत नसे, त्याला जेवणाच्या पंगतीत जागा नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे वतनाच्या याच दुसऱ्या बाजूचा अनुभव होता : अपुऱ्या वाट्याच्या बदल्यात अमर्याद चाकरी. तोटा वाटून घेणारी व्यवस्था माणसाचा मानही वाटून घेईलच, असे नाही. पुढच्या प्रत्येक व्यवस्थेकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

६/२१
दुसरा शब्द इनाम. याचे मराठीत दोन अर्थ आहेत : बक्षीस आणि सरकारने दिलेली जमीन. दोहोंचा गाभा एकच, देणाऱ्याची मर्जी. धारूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे जमिनीची इनामे होती तशी रोख नेमणुकाही होत्या. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या आणि १९५४ मध्ये इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा कायदा झाला. सरंजामी विशेषाधिकार संपवणे न्यायाचेच होते. पण त्या विशेषाधिकारांच्या सावलीत जी वाद्ये वाजत होती, त्यांच्या उपजीविकेचा विचार कोणी करायचा, हा प्रश्न त्या सुधारणेने सोडवला नाही.

७/२१
राजाश्रयाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी सांगलीच्या विष्णुदास भावे यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतात. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मराठी रंगभूमी आपला वाढदिवस याच दिवशी साजरा करते. आठ वर्षांनी, १८५१ मध्ये, चिंतामणराव निवर्तले आणि आश्रय आटला. नाटक तेच होते, नटही तेच होते. फक्त एक रसिक गेला होता. कलेचा सारा भार एका माणसाच्या आयुष्यावर ठेवला की काय होते, ते तेव्हा दिसले.

८/२१
सत्तर वर्षांनी कोल्हापुरात हेच घडले. उस्ताद अल्लादिया खाँ १८९५ मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी आले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती या आश्रयाच्या आधाराने. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. शाहू महाराजांइतका जाणता आश्रयदाता दुर्मीळ होता, यात शंका नाही. पण राजा कितीही गुणग्राहक असला, तरी त्याची गुणग्राहकता त्याच्याबरोबरच जाते. ‘बिदागी’ हा शब्दही हेच सुचवतो. बिदागी म्हणजे निरोप देताना हातावर ठेवलेली रक्कम. गाणे आधी, रक्कम मागून, आणि ती ठरवणार देणारा.

९/२१
मग एका व्यक्तीऐवजी समितीने द्यावे का? त्याचाही प्रयोग महाराष्ट्रात लवकर झाला. पेशवाईत श्रावणमासी पुण्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर इंग्रजांनी ती पूर्णपणे बंद केली नाही. तिचा काही भाग १८२१ च्या पुण्याच्या पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये लोकहितवादींसह सुधारकांनी अर्ज केला की या निधीतून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे. सनातन्यांनी मोठा विरोध केला, तेव्हा जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. सार्वजनिक पैसा, जाहीर निकष, मराठी लेखनाला पारितोषिक : व्यवस्था आधुनिक होती.

१०/२१
१८५५ मध्ये जोतीरावांनी याच कमिटीकडे ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवले. एका कुणबी दांपत्याला भिक्षुक जोशी कसा नागवतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नाकारले गेले, असे पुढे जोतीरावांनीच नमूद केले आहे. ते छापून आले १९७९ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. ज्यांच्या पाठबळाने निधीची दिशा बदलली, त्यांच्याच नाटकाला त्या निधीत जागा मिळाली नाही. पैसा सार्वजनिक असणे पुरेसे नसते. वाटप करणाऱ्या मेजाभोवती कोण बसले आहे, हेही पाहावे लागते.

११/२१
आता बाजाराकडे वळू. चिंतामणरावांच्या पश्चात कर्जात सापडलेले विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाचा धंदा असा आश्रयाच्या अभावातून जन्मला. तिकिटाने मोठी गोष्ट साधली : नटाला एका धन्याऐवजी हजार धनी मिळाले. एक रुसला तर दुसरा येईल, ही सोय राजदरबारात नव्हती. व्यावसायिक नाटकात आजही दर प्रयोगाच्या मोबदल्याला ‘नाईट’ म्हणतात. प्रयोग झाला की पैसे, असा तो सरळ हिशेब.

१२/२१
पण प्रयोग झालाच नाही तर? तेथे तिकिटाची दुसरी बाजू उघडी पडते. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. महाराष्ट्राने त्यांच्यावर जितके प्रेम केले, तितके क्वचितच कोणा नटावर केले असेल. तरीही मंडळी वारंवार कर्जात रुतली, आणि बोलपटांनी प्रेक्षक नेल्यावर १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’साठी त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. खर्चाला त्यांचा हात सैल होता, हे खरे. पण प्रेक्षकाची रुची बदलली, तेव्हा तोट्यात वाटेकरी व्हायला कोणीही नव्हते, हेही तितकेच खरे.

१३/२१
तमाशाच्या वाटेवर हे अधिक कठोरपणे दिसते. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, हे रेठरे हरणाक्षचे. घरी कुलकर्णी वतन होते, अर्थात हक्काचे उत्पन्न होते. ते सोडून त्यांनी तमाशाचा फड धरला, पवळाबाईंसह लावणी आणि वग गाजवले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले ते विपन्नावस्थेत. त्यांच्या रचना मात्र फडाफडांतून गायल्या जातच राहिल्या. शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. ती त्याची मालकीची खूण. पण त्या खुणेमागे मोबदल्याचा हक्क नव्हता. गाणे गावोगाव फिरले आणि गाणाऱ्याच्या घरी काही परतले नाही.

१४/२१
तमाशाचे दोन प्रकार, दोन हिशेब. संगीत बारीत प्रेक्षक खूश होऊन जी रक्कम देतो, ती दौलतजादा. तिच्यात पार्टी, साथीदार आणि थिएटरचा मालक असे वाटे पडतात. ढोलकी फडाचा हिशेब सुपारीवर चालतो. जत्रेचे पंच फडमालकाशी रक्कम ठरवतात. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक तेथे येऊन सुपारी देतात. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. मग पावसाळा, कनात गुंडाळलेली आणि कलावंत घरी, उत्पन्नावाचून.

१५/२१
हा पावसाळा भागतो कशावर? ‘उचल’ या शब्दावर. हा शब्द धारूर तालुक्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. येथल्या ऊसतोड मजुरांची जोडपी, ज्यांना ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या वाटेला लागतात. हंगामात जेवढे फिटले तेवढे फिटले, उरलेले पुढच्या वर्षीच्या डोक्यावर. तमाशा कलावंतही फडमालकाकडून अशीच उचल घेतो. फडमालक ती देण्यासाठी सावकाराकडून व्याजाने पैसे आणतो. मोबदला आधीच हाती येतो, पण तो येतो कर्जाचे रूप घेऊन. नाचणारा पाय आणि ऊस तोडणारा हात एकाच साखळीत अडकलेले आहेत.

१६/२१
ही साखळी किती ताणलेली आहे, ते एका तारखेने दाखवले. २५ मार्च २०२० हा गुढीपाडवा होता, म्हणजे सुपाऱ्या ठरण्याचा मोसम. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. जत्रा थांबल्या आणि पुढल्या वर्षीही बहुतेक ठिकाणी भरल्या नाहीत. उचल मात्र आधीच खर्चून गेली होती आणि सावकाराचे व्याज थांबले नव्हते. बलुत्याच्या काळात दुष्काळ पडला तर वाटा बुडे. उचलीच्या काळात हंगाम बुडाला तर वाटा बुडतोच, शिवाय कर्ज उरते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे हे सर्वांत कठोर उत्तर आहे : तोटा ज्याला सर्वांत कमी झेपतो, त्याच्याच अंगावर.

१७/२१
शेवटचा शब्द मानधन. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना शासनाने मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासूनची. धारूर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. आज ही योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. पूर्वी कलावंतांच्या अ, ब, क अशा श्रेण्या पाडून वेगवेगळी रक्कम दिली जाई. २०२४ पासून सर्वांना महिना ५,००० रुपये, असे ठरले. श्रेणी काढली, हे योग्यच झाले. पण योजना मुळात उतारवयासाठी आहे. वयाची पन्नाशी आणि कलेची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर ती लागू होते. ती पंधरा वर्षे कशी काढायची, याचे उत्तर तिच्यात नाही.

१८/२१
विठाबाई नारायणगावकर यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही तमाशासम्राज्ञी २००२ मध्ये गेली, तेव्हा अखेरच्या आजारपणातला खर्च मदतीतून भागवावा लागला. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. तो मिळणाऱ्या कलावंतांचा मान मोठा आहे आणि तो त्यांना मिळायलाच हवा. पण मान आणि मोबदला हे दोन शब्द एकत्र जोडले की दुसरा पहिल्याच्या आड लपतो. ‘मानधन’ घेणारा घासाघीस करीत नाही, उशीर झाला तर विचारीत नाही. विचारले तर मानाला बाध येतो.

१९/२१
याच महाराष्ट्राने एकदा वेगळा विचार केला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम आणि मजुरी देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. खडी फोडणारा हात याचक राहिला नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये, महामंदीत, हाच विचार कलावंतांना लावला गेला होता. चित्रकार, नट, लेखक, वादक यांना सरकारी मदतकार्यात त्यांच्याच कामावर घेऊन वेतन दिले. नाटकाचा विभाग १९३९ मध्ये तिथल्या प्रतिनिधींनी राजकीय रोषातून बंद केला. म्हणजे फुल्यांना भेटलेली अडचण तेथेही होतीच. फ्रान्सने आणखी एक वाट काढली : बारा महिन्यांत ५०७ तास काम केलेल्या रंगकर्मीला दोन कामांमधल्या रिकाम्या काळात बेरोजगारी भत्ता मिळतो. कनात गुंडाळलेल्या महिन्यांचा असा विमा आपल्याकडे अजून कोणी उतरवलेला नाही.

२०/२१
परदेशाकडे न पाहताही एक उत्तर सापडते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली, म्हणजे मुद्दलाला हात न लावण्याची ठेव. २,००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ ठरवले होते. हिशेब अचूक जुळतो. हे दान निगमसभेत जाहीर करून नोंदवले होते. ते भिक्षूंसाठी होते, कलावंतांसाठी नव्हे. पण दात्याच्या मर्जीपासून आणि मृत्यूपासून दान कसे मोकळे करावे, हे त्यात आहे. आणि ज्या पावसाळ्यासाठी ते होते, तो पावसाळा आजही फडांच्या उपासमारीचा आहे.

२१/२१
कलावंताला पैसे राजाने द्यावेत, बाजाराने की सरकारने, या वादाला इतिहासाने एकच उत्तर दिलेले नाही. तिघांनीही दिले आहे आणि तिघेही चुकले आहेत. मोबदला टिकला तो जेथे रक्कम आधी ठरलेली होती, चारचौघांत नोंदलेली होती आणि वाईट वर्षाचा तोटा वाटून घेतला जात होता, तेथे. हे करायला मुंबईचा आदेश लागत नाही. धारूर परिसरातील कोणत्याही गावाच्या जत्रा समितीला तीन ओळी लिहिता येतील : ठरलेली रक्कम अमुक, त्यातील अमुक हिस्सा आगाऊ, आणि तो कर्ज नव्हे, पावसाने किंवा बंदीने खेळ रद्द झाला तरी अमुक रक्कम द्यायची. चौथी ओळ दरसाल वर्गणीतून बाजूला काढायच्या ठेवीची. किल्ल्यावर पाथरवटाचे नाव कोरायची वेळ निघून गेली आहे. यंदाच्या जत्रेच्या वहीत हलगीवाल्याचे नाव आणि त्यासमोर रक्कम लिहिण्याची वेळ अजून आहे.